चवीपुरतं मीठ

राहीनं तागडीत चाळीस ग्रॅम मीठ मोजलं, हंडीभर पाण्यात ढवळलं आणि ते पाणी पाइपात ओतलं. चिनीमातीचा पाइप, खालून सिमेंटनं बुजवलेला. तळाशी तांब्याची एक पट्टी, दुसरी वरून दोरीला टांगलेली. कमालभाईनं दोरी हळूहळू वर ओढली. पट्ट्या लांब गेल्या की मंडपातला दिवा मंद होत विझायला हवा. मंद झाला खरा, पण विझेना मेला. आतली तार लालसर जळतच राहिली.

"पुन्हा करू या," राही म्हणाली.

पुन्हा तेच.

"आज नाटकात म्हातारा मरायचाय," कमालभाई म्हणाला. "दिवा असाच ऱ्हायला तर तो मरणार कसा?"

राहीला हसू आलं नाही. नाटक-सिनेमातल्या नव्या रचनातंत्रांवर ती मुंबईत प्रबंध लिहीत होती आणि त्यातलं सगळ्यात लाडकं प्रकरण या पाइपाचं होतं. कुवेतहून परतलेला वायरमन कमालभाई मिठाच्या पाण्यावर नाटकाचा उजेड कमी-जास्त करतो! पण सरांनी नाक मुरडलं होतं. "असल्या खटपटींना प्रबंधात जागा नाही. दोनदा मोजा. आकडे जुळले तर ठेवा, नाहीतर प्रकरण काढून टाका." जानेवारीत तिनं मोजलं होतं, हंडीला चाळीस. आता मे महिना, मुंबईकर गावी आलेले, त्यांचं नाटक आज. सोमवारी प्रबंध टाइपिंगला जायचा होता, आणि साडेसातच्या एसटीनं हातखंबा गाठलं तरच मुंबईची गाडी मिळणार होती.

"कमालभाई, जानेवारीत मीठ तुम्हीच घातलं होतं ना?"

"मी? छ्या! मी नुसता दोरीवाला. मीठ खतिजाचं."

तेव्हा राहीला आठवलं. मीठ पडल्यावर त्याच्या बायकोनं, खतिजाचाचीनं, पाण्याला बोट लावून चाखलं होतं आणि "बस" म्हटलं होतं. ते वहीत लिहायचं राहूनच गेलं होतं. त्यात लिहिण्यासारखं काय, असं वाटलं होतं तिला.

मंडपामागेच त्यांचं घर. खतिजाचाची पडवीत कांदा चिरत बसली होती.

"चाची, जरा पाणी चाखता का? माझं काहीतरी चुकतंय."

"आता कशी चाखू, बाय? रोजा हाय माजा."

राहीनं जीभ चावली. "मग मी चाखते. तुम्ही फक्त सांगा, कसं लागायला हवं."

चाची खुदकन हसली. "तुमची जीभ मुंबैची, नळाच्या पान्याची. तिला काय कळनार? आमच्या हिरीत मे मैन्यात खाडी शिरते. पानीच मचूळ. त्यात तुमी थंडीतलं मीठ घातलात."

राही पायरीवर बसली. म्हणजे आकडे जुळणारच नव्हते. एवढा जीव लावलेलं प्रकरण हातचं चाललं होतं. तिनं वही उघडली. मे महिन्याची चौकट कोरी होती. सर काही कोकणात पाणी चाखायला येणार नव्हते. तिनं पेन काढलं, चाचीकडे पाठ केली आणि चौकटीत लिहिलं, चाळीस. अक्षर चांगलं आलं नाही.

सात वाजून गेले आणि अजान झाली. चाची ताजं पाणी भरलेली हंडी घेऊन बाहेर आली. पडवीतल्या बशीत खजूर होते. ती हंडीशी वाकली, राहीची नवी पुडी फोडून थोडं मीठ सोडलं, ढवळलं, बिस्मिल्ला म्हणून बोट जिभेला लावलं. आणखी थोडं. आणखी एक चिमूट.

"अहो चाची, आधी खजूर तरी खा!"

"मिठानं सोडला तरी चालतो रोजा. तुमची गाडी चुकंल."

कमालभाईनं खजूर तोंडात टाकला, पाइप रिकामा करून नवं पाणी ओतलं आणि दोरी ओढली. दिवा पिवळा झाला, तांबूस झाला, आणि कधी गेला ते कळलंसुद्धा नाही.

"मेला एकदाचा म्हातारा!" कमालभाई म्हणाला.

राहीनं उरलेलं मीठ तागडीत घातलं. शंभराच्या पुडीतलं चौऱ्याहत्तर उरलं होतं.

"जुळलं काय गो?" चाचीनं विचारलं.

"नाही. सव्वीस आलं."

नाक्यावर एसटीचा हॉर्न वाजला. राहीनं हंडीत बोट बुडवून जिभेला लावलं. पेजेला लागतं तेवढंच मीठ. मग तिनं चाळीसवर काट मारली, सव्वीस लिहिलं आणि पान मागे उलटलं. तिथं लिहिलं होतं: प्रकाशयोजना, कमाल.

"चाची, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"कशाला गो? काय चुकलं माजं?"

"माझं चुकलं होतं."

कमालभाई वहीत डोकावला. "वरती लिवा तिचं," तो म्हणाला, "माजं खाली चालंल."

चाचीनं हात पदराला पुसले आणि नाव सांगायला ती पायरीवर नीट बसली. एसटी निघून गेली.