आवृत्तीसोबतचं पान

"ऐक गं. ‘चिठ्ठी छापताना रुग्णाचं लांब नाव आता कापलं जाणार नाही. आजवर कापलं जायचं, ती चूक आमची.’ कळलं?"

मी डब्याचं झाकण लावत किल्ली शोधत होते. "नाही कळलं."

"नावं ठेवायला तेवढी पुढे," आई हसली. "बरं, परत लिहिते."

आई दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती. तिथे ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारींच्या संगणकातल्या नोंदवहीत, प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळे आणि दुरुस्ती झाली की पुढे लिहिलं जाई, ‘४१०७, फील्ड लेंग्थ वाढवली, बंद.’ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघण्याआधी आई त्या क्रमांकांची माणसांना वाचता येतील अशी वाक्यं करून आवृत्तीसोबत जाणाऱ्या पानावर घालायची. "ट्रॅकर असतो बनवणाऱ्यांसाठी, हे पान वापरणाऱ्यांसाठी," ती म्हणे. साहेबांना ‘चूक आमची’ खटकायचं. "झाकली, तर वापरणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही," असं सांगून ती ते ठेवायचीच.

मी नऊ वर्षांची असल्यापासून तिची परीक्षक. दुधाचा पेला पुढ्यात घेऊन ऐकायचे आणि ‘नाही कळलं’ म्हणायचे. ती कानामागची पेन्सिल काढून वाक्य मोडायची, पुन्हा जोडायची. पुष्कळदा मला पहिल्याच खेपेला कळलेलं असे. पण तेवढा वेळ ती माझी असायची. पुढे पुस्तकं वाचून शहाणी झाले, तरी उत्तर तेच राहिलं.

‘परत लिहिते’ म्हणाली त्याच दिवशी दुपारी आई ऑफिसात, खुर्चीत बसल्याबसल्याच गेली.

पंधरवड्याने तिथला प्रोग्रॅमर तिचा चष्मा, कप आणि एक कागद घेऊन आला. कागदावर तेच वाक्य पाच तऱ्हांनी लिहिलेलं होतं.

"सकाळभर यातच अडकल्या होत्या काकू. म्हटलं, पहिलंच छान आहे की. तर म्हणाल्या, ते घरून नापास होऊन आलंय." तो ओशाळून हसला. "उद्या आवृत्ती निघतेय. यातलं कुठलं टाकू?"

मी पाचही वाचली. प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा लांब होत गेलं होतं, कुणाची तरी समजूत घालावी तसं. मी पहिल्यावर बोट ठेवलं.

"हे. जसंच्या तसं."

तो गेल्यावर कप विसळायला घेतला. तळाशी चहाचा तपकिरी डाग होता. नळ बंद केला.

"कळलं होतं, आई," मी म्हणाले. "पहिल्यांदाच."