मेंदू बसवायला निघालेली दमणी

मित्रांनो, गोठ्यामागच्या बाभळीखाली एक मोडकी गाडी पडली आहे आणि तिच्यात हल्ली कोंबड्या अंडी घालतात. ती जुनी दमणी म्हणजे मी. दमणी म्हणजे माणसं बसवून नेणारी हलकी बैलगाडी. कापूस नि कडबा वाहायला घरात बंडी होती. तिच्या पंक्तीला मला कोणी बसवत नसे. तोराच होता हो मला तेव्हा!

त्या वेळी आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि कारभार नागपुराहून चाले. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदपासून दोन कोसांवर आमचं गाव. जळगावच्या सुतारानं मला घडवलं. साटा, म्हणजे बसायचा सांगाडा, सागाचा, चाकं बाभळीची. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धावा लाल करून त्यानं चाकांवर चढवल्या आणि वरून पाणी ओतलं, तेव्हा मी अशी चर्रकन ओरडले की सुताराची बायको हसायला लागली. वर बांबूच्या कमानी आणि त्यांवर लाल खारव्याचं कापड. आमच्या घरच्या तरण्या रंगरावाचं लग्न ठरलं होतं, त्यासाठी ही सगळी हौस.

पूर्णा नदीकाठच्या माहेराहून सोजराला मीच आणलं. नवी नवरी म्हणे लाजते. ही मात्र दोन कोसांतच बोलू लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही. "अवं माय, तूर पाहा कशी फुलली! त्या बगळ्याले तं एकच पाय हाये!" रंगराव बैल हाकता हाकता हसायचा. पुढं चार वर्षं मी तिला माहेरी नेलं, परत आणलं, आणि तिच्या बडबडीनं वाट कधी सरायची ते मला कळत नसे. घुंगरमाळा बैलांच्या गळ्यात होत्या, पण वाजायची ती सोजरा.

मग ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली. रुख्मिणी नाव ठेवलं. सव्वा महिना झाल्यावर रंगराव मला घेऊन तिला आणायला गेला.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. पूर्णा आली, मागं गेली, तिनं डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. लेकरू रडत होतं आणि ती त्याच्याकडं परक्याचं असल्यासारखं पाहत होती. "घे ना वं तिले," रंगराव म्हणाला. तिनं घेतलं, पण तिच्या हातांत जीव नव्हता. गावाजवळच्या नाल्यात गोल गोटे पडलेले असतात. माझं उजवं चाक एका गोट्यावरून घसरलं, मी दणकन आदळले आणि सोजराचं डोकं कमानीला लागलं. सुपारीएवढं टेंगूळ आलं. एवढंच झालं.

पुढच्या आठ दिवसांत तिचं खाणं तुटलं, झोप तुटली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती गोठ्यात यायची, माझ्या चाकाला टेकून रडायची आणि पुटपुटायची, "मले लेकरू सांभाळता येत नाही. मी कशाची माय?" मी ऐकत असे. दुसरं काय करणार?

तिची सासू झुंबरबाई वाईट नव्हती, पण तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लगेच हवं असे. "दमणीत डोस्कं आदळलं तवापासून हाये हे," ती म्हणाली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, आणि सगळ्या गावानं कावळ्यालाच धरलं. मित्रांनो, मलाही ते खरं वाटलं. पूर्णेपाशीच ती गप्प होती हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं, तरी मी ते विसरले आणि माझ्या चाकाला शिव्या देत बसले.

आमच्याकडं पुंजाजी नावाचा हाडं बसवणारा होता. निखळलेला खांदा तो एका झटक्यात जागेवर आणायचा, आणि त्याच्या हाताला खरोखरच यश होतं. म्हणून झुंबरबाईनं त्याला बोलावलं. त्यानं सोजराचं डोकं दोन्ही बाजूंनी चाचपलं, डोळे मिटले आणि सांगितलं, "मेंदू जाग्यावरून सरकला. खांद्यासारखंच हाये. ज्या दणक्यानं सरकला, त्याच दणक्यानं बसन."

"तिले लागन ना, पुंजाजी," रंगराव म्हणाला.

"लागल्याबिगर काही बसते काय, बावा?"

म्हणून मला जुंपलं. सोजराला मध्ये बसवलं, कमानीला धरू नको म्हणून बजावलं, आणि रंगरावानं त्याच नाल्यातून बैल भरधाव सोडले. एकदा, दोनदा, पाच वेळा. पुंजाजी काठावर उभा राहून प्रत्येक फेरीनंतर विचारायचा, "काही हलकं वाटून राह्यलं काय, बाई?" सोजरा पदर सावरून पुन्हा मध्ये सरकून बसे. दुसऱ्या सकाळीही तेच. रंगरावाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडानं तो बैलांना चुचकारत होता. त्याचा तिच्यावर जीव होता, म्हणूनच तो इतक्या जोरात हाकत होता. याचंच मला आजही सर्वांत जास्त वाईट वाटतं.

तिसऱ्या सकाळी ती माझ्यातून बाहेर फेकली गेली. डावा हात खाली सापडला आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. ते पाहून पुंजाजीनंही हात टेकले. तिला तशीच माझ्यात घालून जळगावच्या दवाखान्यात नेलं.

तिथं नागपुराहून शिकून आलेले नारायणराव नावाचे डॉक्टर होते. सोजरा खाली उतरेना, म्हणून त्यांनी माझ्याजवळ येऊनच हात बांधला आणि हे कसं झालं ते विचारलं. रंगरावानं सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांनी बांधलेला हात झोळीत अडकवला. मग म्हणाले, "अहो, मेंदू म्हणजे काय सांधा आहे निखळायला? तो कवटीत नीट आहे. नाल्याच्या आधी ही बरी होती का? आठवून पाहा."

रंगरावानं मान खाली घातली. "नाही जी. पूर्णेपासूनच गप होती."

"बाळंतपणानंतर कधी कधी बाईचं मन आजारी पडतं. अंगाला ताप येतो तसंच. हे सोंग नाही, भूतबाधा नाही, तिचा दोषही नाही. तिला झोपू द्या, खाऊ घाला, एकटी सोडू नका. लेकरू तोडू नका, फक्त जवळ कोणी बसत जा. बहुतेक जणी बऱ्या होतात."

माझ्या उरावरचा धोंडा उतरला, आणि त्याच क्षणी दुसरा चढला. आजार माझ्या पहिल्या दणक्याचा नव्हता. पण ते तीन दिवस तर माझेच होते.

डॉक्टरांचं घरच्यांनी अर्धं ऐकलं. खाऊ घातलं, झोपू दिलं. लेकरू मात्र तोडलं. "येडीच्या हाती लेकरू देतं काय कोणी?" झुंबरबाई म्हणाली. सोजराला गोठ्याशेजारची खोली दिली. पुढच्या दिवाळीपर्यंत सोजरा बरी झाली, मित्रांनो. पूर्ण बरी झाली. भाकरी थापू लागली, कापूस वेचू लागली, बगळ्यांविषयी बोलूही लागली. पण झुंबरबाईचं एकच, "येड बरं होत नसते. दबून राह्यते."

रुख्मी आजीलाच माय म्हणू लागली. गोठ्याकडं येडी राहते, ती लेकरं खाते, असं तिला शिकवलं होतं. दुपारी सोजरा माझ्यात येऊन बसायची, कारण माझ्या कमानीतून अंगण दिसत असे आणि अंगणात रुख्मी खेळत असे. पुढची चार वर्षं तिनं लेकीची वाढ एवढ्या एका फटीतून पाहिली.

एके दिवशी रुख्मी पळता पळता बैलाच्या पायांत गेली. सोजरा धावली आणि तिला उचलून छातीशी धरलं. पोर किंचाळली. झुंबरबाईनं ती हिसकावून घेतली, तेव्हा सोजरा आयुष्यात पहिल्यांदा ओरडली, "माही लेक हाये ते! द्या माही लेक मले!"

झालं. शहाण्या बाईनं आरडाओरडा केला तर तो राग असतो. सोजरानं केला, तर वेड परत आलं. शेजारपाजारचे जमले, माना हलल्या, आणि रंगरावानं तिला कायमची माहेरी पाठवायचं ठरवलं.

निघताना ती त्याला म्हणाली, "मी बरी हाओ. तुमाले दिसत नाही काय?" रंगराव माझ्या चाकात वंगण घालत खाली बसला होता. तो वंगणच घालत राहिला.

आमचा सालदार गडी कडूबा मला हाकत होता. गावाबाहेरच्या विहिरीपाशी पोरं खेळत होती. "येडी चालली! येडी चालली!" त्यांनी गिल्ला केला आणि दगड सुरू झाले. एक दगड खारव्याला भोक पाडून आत आला आणि सोजराच्या खांद्याला लागला. कडूबा उडी मारून उतरला, चाबूक उगारला. "कोन हाये बे?"

"मारू नोको, कडूबा," सोजरा म्हणाली. तिनं भोकाला डोळा लावला होता. "माही रुख्मी हाये." मग थोड्या वेळानं, जवळजवळ हसत, "पाह्य ना, कुठून फेकला तिनं. केवढी ताकद आली हाताले."

मग मात्र पूर्णेपर्यंत ती तोंडात पदर कोंबून रडत होती आणि कडूबानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

ती पुढं पुष्कळ वर्षं माहेरी जगली, भावाचा मळा सांभाळला, भाच्यांची बाळंतपणं केली, असं कडूबा सांगे. तिला पुन्हा कधी काही झालं नाही. आमच्या घरून तिला आणायला मला कधी जुंपलं नाही.

माझ्याकडं लक्ष द्या म्हणून मी हे सांगत नाही. माझं लाकूड कुजलं, ते कुजू द्या. पण तुमच्याही गावात कोणी गप्प झालेलं असेल, उगाच रडत असेल, किंवा बरं होऊन आलेलं असेल आणि तरी लोक त्याला येडा म्हणत असतील. तिथून जाताना तुमच्या हातात दगड असेल, तर थोडं थांबा. रुख्मी पाच वर्षांची होती आणि तिला कोणी खरं सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगितलं आहे.