अश्वजितची आंघोळ

लातूरला बुद्धप्रिया मॅडमचे लेखनाचे वर्ग जोरात चालायचे. सगळं गाव डॉक्टर घडवायच्या मागं अन् ही बाई लेखक घडवायला निघालेली! पोरापोरींकडून ती एकच गोष्ट घोकून घ्यायची, "आयुष्यात काहीही होऊ द्या, गोष्टीचा शेवट उमेदीवर करा." बरं, म्हणणं काही खोटं नव्हतं. त्याच एका वाक्याच्या आधारानं ती स्वतः बरंच काही पचवून उभी होती.

यंदा दिवाळी अंकासाठी तिनं आपल्या भावाची गोष्ट लिहिली. अश्वजित किल्लारीच्या भूकंपात गेला तेव्हा चार वर्षांचा होता. ही त्यानंतर जन्मलेली. गोष्टीत मात्र तिनं त्याला ढिगाऱ्यातून जिवंत काढला, शिकवला, विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर केला. पक्की घरं बांधणारा इंजिनिअर! पण छापायला द्यायच्या आधी मायला ऐकवणं भाग होतं. माय नको म्हणाली तर फाडून टाकायची, असं ठरवूनच ती औशावरून जाणाऱ्या किल्लारीच्या बसमध्ये बसली.

तिची माय चांगुणाबाई अजून पत्र्याच्या शेडात झोपायची. मागं चांगलं स्लॅबचं घर उभं, पण त्यात फक्त धान्याची पोती अन् आलेले पाहुणे. डोक्यावर स्लॅब घेऊन निजायची तिथल्या कित्येक म्हाताऱ्यांची आजही छाती होत नाही.

माय खाटेवर बसून सगळं ऐकत राहिली. मधे एकदा हसलीसुद्धा. बुद्धप्रियाला वाटलं, जमलं.

"लई छान लिवलंस," माय म्हणाली. "पर ह्यो माझा न्हाई, बाई. दुसऱ्या कुणाचा तरी हाय."

"माय, गोष्टीत कुणालाही वाचवता येतं गं."

"मंग काहीबी करता येतं म्हण की."

"व्हय. काहीबी."

पदराचं टोक चोळत माय म्हणाली, "मी सोलापूरच्या दवाखान्यात होते, पाय मोडून. हिकडं बाप्यांनी सगळ्यांना एकाच सरणावर अग्नी दिला. लाकडं तरी कुठं होती? मला त्याचं तोंडबी बघाया मिळालं न्हाई. तू नगं वाचवू त्याला. एक डाव माझ्यापाशी आणून दे. न्हाऊ घालते, मंग न्या म्हणावं."

उमेद, दिवाळी अंक, सगळं तिथंच राहिलं. कोरा कागद घेऊन बुद्धप्रिया लिहू लागली, एकेक ओळ वाचून दाखवत. चांगुणा त्याला मांडीवर घेते. तांब्या बुडवते.

"पाणी कोमट लिव्ह. त्याला कढत सोसत न्हाई."

कोमट लिहिलं. केसांतली माती काढली. गुडघ्यावरची खपली मायनं सांगितली, तीही लिहिली. माय डोळे मिटून बसलेली, हात मांडीवर हळूहळू फिरत होते. बुद्धप्रियाला आता पुढं लिहवेना. तिनं कसंबसं वाक्य जुळवलं, "मग तिनं त्याला कोरड्या टॉवेलात गुंडाळलं..."

"घाई कशाला करायलीस गं?" मायनं तिचं मनगट धरलं. "आजून कान राहिल्यात त्याचे."