चहाच्या डब्यामागची ताटली

वाडगा कालच्यापेक्षा बोटभर डावीकडे सरकला होता... चहाच्या डब्यामागे, फळीच्या अगदी कोपऱ्यात पालथा घातलेला तो निळ्या काठाचा वाडगा — म्हणजे यम्माने, इत्तोच्या आईने, आजही खालची ताटली बदलली. कालची भाकरी कोंबड्यांना गेली असणार, आणि पहाटेचं खाणं आटोपून सगळे पुन्हा आडवे झाल्यावर तिने ताजी रव्याची भाकरी मोडून, वर तेल सोडून, शेजारी दोन उकडलेली अंडी ठेवून वाडगा पालथा घातला असणार. इत्तोने वाडगा उचलून पाहिला नाही. गरजच नव्हती. रोज्याच्या बाविसाव्या दिवशी संध्याकाळी पाचला माणसाला कुत्र्याचं नाक येतं. ऑलिव्हच्या तेलाचा वास वाडग्याखालून, डब्यामागून थेट तिच्या पोटात उतरला. ती दाराआडचे बूट घ्यायला स्वयंपाकघरात आली होती. बूट हातात होते. आणि आज शुक्रवार, आरामाचा दिवस, आज तिला पळायचं नव्हतं — म्हणजे पळायची परवानगी नव्हती, ही वेगळी गोष्ट.

ताटली तिच्यासाठी होती. इत्तो तेरा वर्षांची असताना, रमजानातच, यम्माने तिच्याकडे न बघता सांगितलं होतं की चहाच्या डब्यामागे बघ आणि पडदा ओढून घे. बस, एवढंच. पाळीच्या दिवसांत बाईला रोजा नाही, ते दिवस नंतर कधीतरी भरून काढायचे. पण बाबा आणि भाऊ कोरड्या तोंडाने घरात वावरत असताना त्यांच्यासमोर कोण खाणार? म्हणून ती ताटली. घरातल्या पुरुषांना ती दिसत नाही — दिसते, पण त्या महिन्यात चहाच्या डब्याकडे त्यांची मानच वळत नाही. आधी थोरल्या बहिणीसाठी, रकियासाठी असायची, मग इत्तोसाठी, दर रमजानात चार-पाच दिवस. यंदा यम्माने नऊ दिवस वाट पाहिली, आणि दहाव्या रोज्याला ताटली फळीवर आली ती आलीच. अकराव्याला होती. पंधराव्याला होती. कुणी हात लावत नाही आणि ही रोज बदलते आहे, रोज, विचारत मात्र काही नाही. विचारलं असतं तर निदान खोटं तरी बोलता आलं असतं.

सात महिने. सप्टेंबरपासून पाळी आलेलीच नाही. रमजानासाठी घरी येईपर्यंत ती वर डोंगरात, इफ्रानच्या धावण्याच्या शिबिरात, खोलीत एकटी, कुणाला काय पत्ता... आणि पहिल्या महिन्यात तर तिला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला. शेजारच्या खोलीतली नुहैला, आठशे मीटरवाली, हसून म्हणाली होती की कटकट गेली, शरीर पळायला तयार झालं की असंच होतं, अर्ध्याजणींचं असंच आहे. तयार झालं! तयार झालेलं शरीर जिना चढताना कठडा धरतं का? केस गोळ्यागोळ्यांनी फणीत येतात का? सकाळी उठल्या उठल्या मनगट धरून मोजलेले ठोके — पूर्वी बेचाळीस, आता एकसष्ट. हजार मीटर पूर्वी तीन मिनिटं दहा सेकंदांत, आता तीन-चोवीस, आणि शेवटच्या वळणावर मान डावीकडे पडते ती सावरत नाही. वेळ घसरली तशी ती शुक्रवारीही पळू लागली, चोरून, आणखी घसरली तेव्हा सकाळचे दोन किलोमीटर वाढवले, तरी घसरली... हे गणित चुकतंय हे मला काय कळत नाही? कळतं. पण मला दुसरं गणित येतच नाही.

रकियाला येत होतं. रकिया खोकल्यासाठी एक महिना थांबली, फक्त एक महिना — इत्तोहून वेगवान रकिया — आणि मग म्हणाली पुढच्या सोमवारपासून, मग ईद होऊ दे, मग लग्न होऊ दे... आता मेकनेसला असते, तीन मुलं आहेत, आणि 'मी पळायचे' असं म्हणते तेव्हा शेजारणीबद्दल बोलल्यासारखं वाटतं. सुखी आहे. तेच तर! कसली हळहळ नाही तिला. इत्तोला धास्ती होती ती पाय जड होण्याची नव्हती. एका सकाळी आपण पडून राहू आणि ते पडून राहणं आपल्याला आवडेल, याची होती. मग काय उरलं? सव्वीस वर्षांची एक बाई, जिला दुसरं काही येत नाही, जिच्यापायी बाबांनी कुणाकुणाची बोलणी खाल्ली.

आणि परवा तिच्या प्रशिक्षकांनी, सी बुअझांनी, तिची चोरी पकडलीच. बारा वर्षं तिला पळायला शिकवणारा माणूस. बुटाच्या तळव्याची झीज बघून सांगतो पोरीने किती किलोमीटर लपवले. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की शुक्रवार-शनिवार बूट घालायचे नाहीत, झोपायचं. घातलेस तर ईदनंतरच्या निवड शर्यतीच्या यादीतून नाव खोडीन.

'आणि दोन दिवसांत पाय जड झाले तर?' तिने विचारलं होतं.

'आत्ता काय हलके आहेत?'

रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं — पळाले तर नाव जाणार, नाही पळाले तर शर्यत जाणार. राष्ट्रीय संघात एकच जागा शिल्लक आहे, आणि पुढच्या वर्षी या पायांना कोण विचारणार... तिने लेस घट्ट ओढली. यम्मा मागच्या अंगणात कोंबड्यांशी बोलत होती. इत्तो पुढच्या दाराने बाहेर पडली.

अझ्रू गावातला रस्ता या वेळी चिडलेला असतो. उपाशी माणसं, मिटायला आलेली दुकानं, पावासाठी भांडणं. ती मान खाली घालून पुढे गेली आणि देवदारांच्या चढाला लागली. पहिलं वळण ठीक गेलं, दुसऱ्यावर नडगीत ती ओळखीची सुई टोचली, ठीक आहे, सुई तर सुई, श्वास चार पावलांना एक, आता तीनला एक... आणि डोळ्यांसमोर मध्येच फदमामावशी. चार दिवसांपूर्वी इफ्तारला मावशी आलेली, बाबांनी खजुरातली बी काढता काढता कौतुकाने म्हटलं होतं की आमची इत्तो बघा, अठरा दिवस पळून येते आणि एक रोजा सोडलेला नाही, पोरांना जमलं नाही ते हिने करून दाखवलं. भाऊ सूप भुरकत राहिले. बायकांचे चमचे थांबले. बिचारे बाबा! अठरा दिवस सलग रोजा ठेवणाऱ्या कुवार लेकीचं कौतुक भरल्या घरात करू नये, हे त्यांना कोण सांगणार? फदमामावशीने आधी इत्तोच्या पोटाकडे पाहिलं, मग यम्माकडे. आणि यम्माने बहिणीच्या भरल्या वाडग्यात आणखी सूप ओतलं...

तिसऱ्या वळणावर, झऱ्यापाशी, पाय थांबले. थांबले नाहीत — चालू लागले. तिला न विचारता. तिने त्यांना हुकूम दिला, शिवी दिली, मांडीवर बुक्की मारली, आणि ते आपले चालत राहिले, बाजाराला निघाल्यासारखे. बारा वर्षांत असं झालं नव्हतं. मागून टापा वाजल्या. लाकडाच्या मोळ्या लादलेलं गाढव आणि त्यामागे एक म्हातारा. दोघेही तिला मागे टाकून पुढे गेले. म्हाताऱ्याने वळून तिच्या बुटांकडे पाहिलं.

'बस हवं तर त्याच्यावर, पोरी. त्याचा रोजा नाहीये.'

तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रस्त्याच्या कडेला बसली आणि ते हसू रडणं कधी झालं ते तिला कळलं नाही. रडायला पाणीही फारसं नव्हतं अंगात. नुसते हुंदके, कोरडे. मी संपले, असं तिने मोठ्याने म्हणून पाहिलं. देवदारांना त्याचं काय! गाढव वळणाआड गेलं. तिला त्या गाढवाचा हेवा वाटला, खराखुरा, की त्याला कुणीतरी थांब म्हणतं आणि ते थांबतं.

घरी पोचायला तिला पाऊण तास लागला. रोजा सोडायचा भोंगा व्हायला अजून वीस मिनिटं होती. बाबा आणि भाऊ पुढच्या खोलीत मांडलेल्या टेबलाभोवती बसले होते, आणि स्वयंपाकघरात सुपाचं पातेलं खदखदत होतं. यम्माने तिच्या बुटांवरची लाल माती पाहिली. मग पडदा ओढून घेतला.

'कुणी आहे का?' तिने हळूच विचारलं. 'असेल तर आत्ताच सांग. मी बाबांचं बघते.'

बाविसाव्या दिवशी विचारलं. इत्तोच्या मनात आलं, किती सोपं झालं असतं. एक खोटा माणूस उभा करायचा, नाव द्यायचं... किंवा त्याहून सोपं, मुकाट्याने वाडगा उचलायचा आणि दोन घास खायचे. यम्मा समजली असती की आली एकदाची पाळी, फदमामावशीचं तोंड बंद झालं असतं, आणि पाच दिवस भाकरी, पाच दिवस पडून राहणं, कुणी काही विचारलं नसतं. रोज हाच विचार करून ती त्या फळीपासून मागे फिरली होती.

'कुणी नाही, यम्मा.'

'मग?'

'काहीच नाही. येतच नाही ती. सात महिने झाले.'

यम्मा सहा बाळंतपणं झालेली बाई. तिने पोटाकडे पाहिलं नाही. इत्तोचं मनगट हातात घेतलं, बोटांची पकड केली, आणि आपलं पहिलं बोट आणि अंगठा एकमेकांवरून केवढे पुढे गेले ते बघत राहिली. 'सात महिने,' ती म्हणाली, 'आणि मी मेली ताटली मांडत बसले.' मग चहाच्या डब्यामागे हात घालून तिने ती ताटली काढली, वाडगा बाजूला केला.

'खा.'

'यम्मा, वीस मिनिटं राहिलीत.'

'आजारी माणसाला माफ आहे. खा.'

आजारी... हा शब्द ती सात महिने टाळत आली होती, सी बुअझांनी उच्चारू नये म्हणून त्यांच्याशी नजर चुकवत होती, आणि इथे यम्माने तो भाकरीसारखा मोडून समोर ठेवला. जिने आजवर ताप असतानाही रोजा सोडला नाही ती बाई, पडद्यापलीकडे नवरा आणि मुलगे घड्याळ बघत बसलेले असताना, लेकीच्या तोंडाशी घास धरून उभी होती. इत्तोने तोंड उघडलं. तेल, मीठ, रवा. जीभ लाकडासारखी.

उद्या शनिवार. उद्या सकाळी पाच वाजता डोळे उघडणार, आणि मनगटाचे ठोके मोजायच्या आधी पाय दाराआड जाणार... हे तिला आत्ताच स्वच्छ दिसलं, जसं दुसऱ्या कुणाचं दिसावं. आज झऱ्यापाशी जे झालं ते उद्या तिला आठवणार नाही. आठवलं तरी ती जाणार. भाकरी खाऊन अंगात बळ आलं तर त्या बळावर जाणार. तिने वाकून बूट काढले. गाठ सुटेना, ओरबाडूनच काढले.

'हे कुठेतरी लपव,' ती म्हणाली. 'कुठे ते मला सांगू नकोस.'

यम्माने बूट शालीखाली घेतले आणि मागच्या दाराने गेली. इत्तो दुसरा घास चावत उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की ती ऐकते आहे. कान देऊन. पाच पावलं, म्हणजे अंगण. कोंबड्या ओरडल्या नाहीत, म्हणजे खुराडं नाही. आता डावीकडे, आता दगडी पायऱ्या... एक, दोन... मोजते आहे मी, मेली, अजून मोजतेच आहे. तिने ताटली खाली ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी कान दाबून धरले. आत नुसतं स्वतःचं चावणं, मोठ्याने, दळण दळल्यासारखं. गच्चीचं पत्र्याचं दार करकरलं... की दाताखाली रव्याचा कण होता? तिने हात आणखी घट्ट दाबले आणि ती चावत राहिली.