थांबायचे बटण

मी एक जुना रिमोट आहे. चेन्नईत अण्णा नगरमधल्या एका घरात, वेताच्या खुर्चीच्या हातावर माझा मुक्काम असतो. मुक्काम आपला म्हणायचा. मित्रांनो, स्वस्थ बसणे माझ्या नशिबी कधी आलेच नाही.

कारखान्यातून मी आलो तेव्हा काळाभोर आणि चकचकीत होतो. घरच्यांनी मला लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड लावले. आयुधपूजेला टीव्हीशेजारी ठेवून मलाही चंदन-कुंकवाचे बोट लावले. काय तो मान! आता पिशवी फाटली आहे, सेलचे झाकण हरवले म्हणून तिथे चिकटपट्टी आहे, आणि मी चाललो नाही की मला तळहातावर आपटतात. मार खाऊन काम करायची आता सवय झाली आहे.

माझी मालकीण म्हणजे तुळसीआजी. घराणे मूळचे तंजावरचे, घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. आजींचे बोट माझ्या पुढे जाण्याच्या बटणावर सतत असते. पुढचा चॅनल, त्याच्या पुढचा, पुन्हा पहिला. घाण्याचा बैल तरी रात्री सुटतो! त्या बटणावरची खूण कधीच पुसून गेली आहे.

आजींना एक जुना सिनेमा हवा आहे. त्या लहान असताना त्यांचे वडील इथल्याच एका स्टुडिओत कारकून होते. एकदा नाचाच्या रांगेत एक मुलगी कमी पडली, म्हणून त्यांनी आपली थोरली लेक अंबुजा हिला नेऊन उभे केले. पुढच्याच वर्षी अंबुजा तापाने गेली. फोटो काढला की आयुष्य कमी होते असे त्यांची आजी मानायची, म्हणून घरात तिचा एकही फोटो नव्हता. सिनेमाचे मात्र त्या म्हातारीला कुणी सांगितलेच नव्हते. जगात अंबुजाचा चेहरा उरला असेल तर तो त्या एका नाचात. आणि तुळसीआजींना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

म्हणून ही धावाधाव. जुन्या सिनेमांचे चॅनल काही कमी नाहीत, पण कुठेही जा, पळसाला पाने तीनच! तेच दहा-बारा गाजलेले सिनेमे, तीच गाणी.

"मेले तेच तेच परत परत दाखवतात," आजी करवादायच्या. "दुसरी पडमं जळाली की काय ह्यांची?" सिनेमाला त्या तमिळ माणसांसारखे पडमच म्हणतात.

नातू श्रीवत्स शोळिंगनल्लूरला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने इंटरनेटवर धुंडाळले. सिनेमाचे नाव सापडले, सिनेमा नाही. त्याची बायको कौमुदी सोलापूरची, नुंगंबाक्कमच्या बँकेत काम करते. तिला शेजारच्या नारायणस्वामींचा गट सापडला. ही सगळी जुन्या सिनेमांची वेडी माणसे. दुर्मीळ सिनेमे दाखवा, म्हणून ती चॅनलवाल्यांच्या मागे हात धुऊन लागतात. कौमुदीने त्यांच्या कानावर आजींची गोष्ट घातली. गटाने चॅनलचा पिच्छाच पुरवला आणि एका रविवारी तो सिनेमा खरोखर लागला!

नारायणस्वामीही बघायला आले. आजी पडद्यापासून हातभर अंतरावर बसल्या. माझा तर जीव सेलात गोळा झाला होता. नाच सुरू झाला. रांगेतल्या मुली एकेक करून समोर आल्या, गिरकी घेऊन गेल्या. गाणे संपले.

"अक्का नाही ह्यांत," आजी म्हणाल्या.

"आजी, नीट दिसलं नसेल तुम्हाला," कौमुदी म्हणाली.

"माझी अक्का मज ओळखू येणार नाही? नाही ती ह्यांत." आणि मग त्या स्वतःशीच तेच गाणे गुणगुणू लागल्या. अंबुजा घरी सराव करताना म्हणायची ते. चाल तीच होती, शब्द मात्र वेगळे.

नारायणस्वामी ताडकन उठले. "अम्मा, हे तर तेलुगू आहे!" ते तमिळमध्ये ओरडले. "तेव्हा एकाच सेटवर एकच सिनेमा दोन भाषांत काढायचे. तमिळसाठी एक रांग, तेलुगूसाठी दुसरी. तुमची अक्का तेलुगूत आहे!"

 आजींच्या घरी बोलणे मराठी. पण गाणे म्हणजे त्यागराजांची कीर्तने, आणि ती तेलुगूच. गाणे दुसऱ्या भाषेत असते हे त्यांनी जन्मभर गृहीतच धरले होते. "गाण्याचे शब्द ऐसेच असतात, वाटलं मज," त्या हळूच म्हणाल्या. मला मात्र चीड आली. तेलुगू चॅनल कुणी बघत नाही म्हणून घरच्यांनी बंद केले होते, आणि मी इतकी वर्षे रोज त्यांच्यावरून उड्या मारत होतो!

कौमुदीने ते चॅनल पुन्हा सुरू करून घेतले. गटाने आता हैदराबादच्या तेलुगू चॅनलवाल्यांकडे मोर्चा वळवला. उत्तर येईना. आजींची नजर कडेकडेने मिटत चालली. त्यांचे बोट माझ्यावर चुकीच्या जागी पडू लागले. मित्रांनो, मला इतके घाबरल्याचे आठवत नाही.

शेवटी एका सकाळी तो लागला. चित्रावर पावसासारख्या रेघा, आवाज खरखरीत. नाच आला. दुसऱ्या रांगेत, डावीकडे, लांब वेणीची एक मुलगी चुकून थेट आपल्याकडे बघते आणि जीभ चावून नजर वळवते.

"अक्का!" आजी किंचाळल्या. "थांबव! कौमुदी, थांबव ग तिला!"

कौमुदीने मला घट्ट धरले. तिचे बोट माझ्या अंगभर फिरले. पण मी जुना, साधा रिमोट. मला पुढे जाता येते, मागे येता येते, आवाज वाढवता येतो. थांबायचे बटण मला नाही. गिरकी पुरी झाली, रांग बाजूला सरली आणि नायिका आली. श्रीवत्स तिचा चेहरा टिपायला फोन घेऊन धावत आला तोवर गाणे संपले होते.

आजी रडल्या, मग हसल्या. "जीभ चावली तिनं, बघितलंस? घरीही ऐसंच करायची." मग त्यांनी डोळे पुसले आणि ठणकावून म्हणाल्या, "त्यांना सांग, परत दाखवा म्हणावं. परत परत दाखवा!"

मित्रांनो, जुन्या सिनेमांना कोनाड्यात टाकू नका. तुम्हाला ज्याचे नावही ठाऊक नसते, त्यात कुणाची तरी अक्का उभी असते. मागत राहा, मागितल्यावाचून कुणी दाखवत नाही.

आता आजींना फारसे दिसत नाही. श्रीवत्सने फोन तयार ठेवला आहे. टीव्हीवर तेलुगूत कुठल्याशा पंपाची जाहिरात चालू असते, आणि कुणी चॅनल बदलू नये म्हणून आजी मला दोन्ही हातांत धरून बसलेल्या असतात. ते गाणे पुन्हा लागले की त्या ते ऐकूनच ओळखणार आहेत.