डिंकात अडकलेली शेळी

नवा कायदा आला आणि पहिलीच्या बाईंनी तो तीनतीनदा वाचून काढला. कायद्याचं म्हणणं, पोरांनी अक्षरं वाचायची. चित्र बघून ठोकून द्यायचं नाही. तपासणीत एक जरी पोर अडकलं, की बाईंचा वर्ग जाणार आणि नशिबी भांडारातल्या नकाशांवरची धूळ झटकणं येणार.

आणि वर्गात होती गप्पी! चित्रात शेपटी दिसली की ही पोरगी अख्खा वाघ वाचून मोकळी.

बाईंनी डिंकाची बाटली काढली आणि पुस्तकातल्या चित्राचित्रावर कागद डकवला. हात असा सढळ, की माश्यासुद्धा त्या शाळेला वळसा घालून उडू लागल्या.

तपासणीचे साहेब आले. बोट नेमकं गप्पीवर.

"वाच गं."

"शे-ळी... शेळी वि-हि-री-त पडली." गप्पीनं पान उलटायला घेतलं. हलेना. बाईंच्या डिंकानं पुढचं पानही गिळलं होतं.

"पुढे?"

"पुढे ना साहेब, विहिरीत कासवांचं राज्य होतं. त्यांना राणी हवीच होती. शेळी म्हणाली, दाढीवाली चालेल का?"

"हे पुस्तकात आहे?"

"कागदाखाली असेल."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. बाईंच्या नाकात आत्ताच नकाशांवरची धूळ गेली. "थांबा हो! पान सोडवते."

शिपाईमामांनी चहाची उकळती किटली आणली. वाफेवर पुस्तक धरून एक टोक मुख्याध्यापकांनी ओढलं, दुसरं साहेबांनी. खरी शेळी काढायलाही एवढी माणसं लागली नसती. पान सुटलं, साहेबांचा चष्मा पांढराफटक!

"चित्र झाका!" ते ओरडले. बाईंनी पंजा ठेवला.

"शेळी व-र आली. शेळी घ-री गेली," गप्पीनं वाचलं, आणि ओलं पान फाटून थेट किटलीत पडलं.

साहेब चष्मा पुसत राहिले. "मला काहीच दिसलं नाही. हिनं मनचं सांगितलं नाही कशावरून?"

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "साहेब, मनचं सांगायचं तर ही शेळीला नुसती घरी पाठवेल?"

गप्पीचं तोंड एवढंसं झालं होतं. "एवढंच लिहिलंय हो. मी तरी काय करू?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि शेरा मारला : वाचता येते. बाईंनी डिंकाच्या बाटलीला बूच लावलं.

साहेब दारापर्यंत गेले, परत फिरले आणि गप्पीच्या चिमुकल्या बाकावर अंग चोरून बसले.

"बरं, दाढीचं ऐकून कासवं काय म्हणाली?"