वहिनीच्या टोमॅटोची रोपं

रोपांची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा त्या घरात दोन माणसं राहत होती आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती. एक माझा मोठा भाऊ, दुसरी त्याची मुलगी. मी खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे निरोप पोचवण्याचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं होतं.

भांडणाचं कारण एक कपाट. वहिनी गेल्यावर थोड्याच दिवसांत भाचीने तिचे सगळे कपडे देऊन टाकले, कुणाला न विचारता. दादा कामावरून आला, कपाट उघडलं, तर वहिनीच्या बाजूला नुसते हँगर. तो काही बोलला नाही. ती काही बोलली नाही. हट्टीपणात बाप तशी लेक. 'आत्या, बाबाला सांग, गॅस संपत आलाय.' बाबा तिथेच टेबलाशी बसलेला. मी सांगायचे, 'दादा, गॅस संपत आलाय.' तो म्हणायचा, 'तिला म्हणावं, कळलं.' माझ्या डोक्याला हा एक कायमचा ताप होऊन बसला होता.

रोपं वहिनीच्या टोमॅटोची होती. बुटके, सुरकुतलेले, दिसायला अगदीच बावळट टोमॅटो. चवीला मात्र तसे मी दुसरीकडे कुठे खाल्ले नाहीत. दर वर्षी ती सगळ्यात चांगल्या फळाचं बी कागदावर वाळवून ठेवायची. आजारी पडल्यावरही ठेवलं. ते शेवटचं. दादाने त्यातला एक दाणाही मागे न ठेवता सगळं पेरलं. बाहेर थंडी होती, म्हणून मागच्या खोलीत फळी ठोकली, वर ट्यूब लावली आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांत रोपं केली. ही मेली की वहिनीचा टोमॅटो संपला. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. भाचीला त्याचं काही आहे की नाही, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट बघायची, हा त्याचा शिरस्ता. रोपांनाही त्याने तोच लावला. आधी वाटलं, उजेड कमी पडतोय. ट्यूब खाली घेतली, वाट बघितली. पिवळेपणा तसाच. मग म्हणाला, "नवी पानं बरी आहेत, खालची जुनी पिवळी पडतायत. खत कमी असणार." थोडं खत पाण्यात कालवून दिलं. पानं आणखी लोळली. एक रोप गेलं, मग दुसरं. फळीभोवती बारीक चिलटं घोंगावायला लागली. दादाचा चेहरा मला बघवत नव्हता. वहिनीच्या शेवटच्या दिवसांत तो असाच दिसायचा.

शेवटी त्याने पाणी पूर्ण बंद केलं. आठवड्याने, एका दुपारी मी वर गेले तर तो एका डब्यात बोट खुपसून उभा होता.

"ओली आहे," तो म्हणाला. "आठवडाभर थेंब घातला नाही मी. तरी चिखल."

त्याने एक रोप मातीसकट तळहातावर उलटं केलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत. वासही बरा नव्हता.

"उपाशी नव्हती ही. बुडत होती." मग दाराकडे बघत हळूच म्हणाला, "तिला विचार ना, पाणी ती घालते का?"

दादा भल्या सकाळी निघतो. भाची चष्म्याच्या दुकानात असते, ती दुपारी जाते. त्या दिवशी दोघांनाही सुट्टी होती. मधल्या वेळात खोलीत कोण जातं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"मी नाही विचारणार," मी म्हटलं.

"अगं, एवढंच—"

"एवढंच आहे ना? मग तूच विचार. तुमच्या निरोपांपायी रोपं मेलीत, दादा. आता मी तोंडाला कुलूप लावलंय."

तो उलटं रोप हातात धरून निघाला. माती बोटांतून जमिनीवर पडत होती. तसाच तिच्या दाराशी गेला.

"ढब्बू," तो म्हणाला. हे नाव मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. "रोपांना पाणी तू घालतेस का?"

ती बिछान्यावर उठून बसली. "पहिल्यापासून. तू जेवायचं विसरतोस, म्हटलं रोपं काय लक्षात राहणार. या आठवड्यात तर तुझा पाणी घालायचा मग कोरडाच दिसला, म्हणून जास्त घातलं." मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. "मी मारली का ती?"

"दोघांनी मिळून," दादा म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटलं, आईचं काहीच तुला नकोय घरात."

"बाबा, माझे कपडेही त्याच कपाटात असतात. रोज सकाळी मला ते उघडायला लागायचं."

दादाने त्या कपाटाची दुसरी बाजू कधी बघितलीच नव्हती. खरं सांगायचं तर मीही नाही. तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि रडला. वहिनी गेली तेव्हाही रडला नव्हता.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून सगळे डबे रिकामे केले. सडलेली मुळं कापली, रोपं कोरड्या मातीत लावली, डब्यांच्या बुडाची भोकं मोठी केली. बरीच गेली. जी राहिली त्यांची पिवळी पानं काही परत हिरवी झाली नाहीत, गळून पडली. नंतर शेंड्याला नवी आली, ती हिरवी होती.

आता तिथे एक नियम आहे. पाणी घातलं की मोठ्याने सांगायचं. सकाळी मी चहा करत असते आणि वरून ऐकू येतं, "ढब्बू, आज मी घातलं गं!" मग झोपेतला आवाज येतो, "बरं, बाबा!"

मला कुणी काही सांगत नाही हल्ली.